प्रार्थनेएवढा वेळ

‘केली होती’ एवढंच म्हणण्यात सिस्टरचा फायदा बराच होता. थोरल्या सिस्टर निवृत्तीला टेकल्या होत्या. त्यांची खुर्ची, खुर्चीमागची खिडकी, रात्रपाळीतून कायमची सुटका आणि दवाखान्याच्या आवारातली दोन खोल्यांची जागा, हे सगळं हिच्या पदरात पडल्यातच जमा होतं. आणि या सगळ्याच्या वर होतं तिचं नाव. ही बाई म्हणते म्हणजे ते तसंच असणार, असं पूर्ण विभागात मानलं जाई आणि असं नाव काही बदलीच्या हुकमाबरोबर मिळत नाही. ‘केली नव्हती’ म्हणण्यात यातलं काहीच हाताला लागणारं नव्हतं. पण हा सगळा विचार करून ती बोलली असं म्हटलं तर तो तिच्यावर अन्याय होईल. विचार करायला वेळ लागतो. मोठ्या डॉक्टरांनी टेबलापलीकडून, मान वर न करता, विचारलं, “सिस्टर, सकाळची पाण्याची चाचणी केली होती ना?” आणि त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत तिच्या तोंडून निघालं, “केली होती.” शिंक यावी इतक्या सहज. मग ती बाहेर पडली, जिना उतरू लागली, वळणावर कठड्याला हात लावला, कठडा नुकताच पुसलेला, ओलसर होता, आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला पट्टीचा रंग आठवत नाही.

ती तिथेच उभी राहिली. वरून एक वॉर्डबॉय रिकामं स्ट्रेचर खांद्यावर घेऊन उतरत होता, त्याला वाट द्यायला भिंतीला चिकटली आणि भिंतीला चिकटल्या चिकटल्याच आठवायला लागली. सकाळी आपण आलो. एप्रन चढवला. प्रार्थना म्हटली. हो, प्रार्थना म्हटली, त्यात तीळभर शंका नाही. शेवटच्या ओळीनंतर छातीत जे हलकं होतं ते झालेलंसुद्धा आठवतंय. आणि प्रार्थना म्हटली म्हणजे चाचणी केलीच. प्रश्नच नाही. दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा थांबली. मग पट्टी का दिसत नाही?

तिच्या विभागात रक्त धुण्याची यंत्रं होती. मूत्रपिंडं थकलेली माणसं दिवसाआड येत, लांबट खुर्च्यांत आडवी होत, आणि त्यांच्या दंडातून निघालेलं रक्त यंत्रात जाऊन, धुऊन, परत त्यांच्याच अंगात येई. या धुण्याला पाणी लागतं, तेही साधंसुधं नव्हे. नळाला येणाऱ्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून शहराचं पाणीखातं औषध घालतं. ते प्यायला चालतं, रक्ताला चालत नाही. रक्ताला ते लागलं की रक्त फुटतं. म्हणून मागच्या खोलीत कोळशाची मोठी टाकी होती, ती ते औषध शोषून घेई, आणि टाकीनं काम चोख केलं की नाही हे बघायला रोज सकाळी, पहिला माणूस खुर्चीत बसायच्या आधी, मोरीतल्या छोट्या नळाचं पाणी भांड्यात घेऊन त्यात कागदाची पट्टी बुडवायची. पट्टी पांढरी राहिली तर यंत्रं सुरू करायची. गुलाबी झाली तर सगळं बंद, आणि पाणीवाल्याला हाक. पट्टीला रंग धरायला जरासा वेळ द्यावा लागे. तो वेळ इतर सिस्टर मनगटावरच्या घड्याळात बघत. ही प्रार्थना म्हणत असे. प्रार्थना संपली की वेळ संपला. कित्येक वर्षं हे असं चाललं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं.

ही युक्ती तिची नव्हती, आईची होती. आईच्या घरी घड्याळ नव्हतं. होतं, पण वडील कधीतरी घेऊन गेले होते आणि घड्याळाऐवजी वडीलच परत आले होते. आई अंडी उकडायची ती प्रार्थनेवर. दहा वेळा म्हटली की आतलं बलक ओलं, वीस वेळा म्हटली की घट्ट. वडिलांना ओलं लागे. चुलीसमोर उभी राहून, एका हातात झारा धरून, डोळे उघडे ठेवून आई पुटपुटायची: तूच माझ्या पायाखाली, तूच माझ्या पाठीशी, आज जे माझ्या हाती येईल ते तुझ्याच हाती आहे. पुढे अजून चार ओळी होत्या. लहानपणी हिला वाटायचं की या ओळी अंड्यांसाठीच आहेत. मग वडील कामधंदा सोडून बसले, मग अंडी बंद झाली, आणि आई रिकाम्या चुलीसमोर उभी राहून तेच म्हणताना तिनं बघितलं तेव्हा तिला कळलं की तसं नसावं. एकदा तिनं विचारलं होतं की देव आपलं काही करत का नाही. आई म्हणाली होती, तो कुठे काय करतो, तो नुसता खाली असतो, जमिनीसारखा. जमीन तरी काय करते? उभं राहू देते. हे उत्तर तिला तेव्हा पटलं नव्हतं, आणि नंतर इतकं पटलं की तिनं त्याच्यावर संसार उभा केला. नवरा गेला तेव्हा ती कोसळली नाही. सासरच्या माणसांना वाटलं बाई दगड आहे. ती दगड नव्हती. तिला खाली जमीन आहे हे पक्कं ठाऊक होतं, एवढंच. सुई टोचण्यापूर्वी, पगार संपण्यापूर्वी, रात्री डोळा लागण्यापूर्वी ती त्या जमिनीवर एकदा पाय आपटून बघत असे आणि जमीन दर वेळी तिथे असे.

विभागात याची चेष्टाही होई आणि याचा उपयोगही होई. पाणीवाला, म्हणजे मागच्या खोलीतल्या टाक्या, नळ्या आणि दाबाचे काटे सांभाळणारा माणूस, देवबिव न मानणारा, बोलायला तिखट. तो म्हणे, ताई, तुमच्या देवाला सांगा दाब कमी पडतोय, मी सांगून थकलो. ती म्हणे, माझ्या देवाला पाना धरता येत नाही, तो तुम्हालाच धरावा लागेल. तो हसे आणि पाना घेऊन आत जाई. खुर्च्यांवरच्या माणसांना मात्र ती लागे. सुई टोचून घ्यायला तिचाच हात लागे. विशेषतः शिंपीणबाईला. ही बाई घरी बसून बायकांचे कपडे शिवायची, स्वभावानं बडबडी, पण सुईला भयंकर भ्यायची. जन्मभर सुईत दोरा ओवणारी बाई दंडाजवळ सुई आली की डोळे मिटून घ्यायची, आणि तिच्या भिण्याला सगळे हसायचे, ती स्वतः सगळ्यांत जास्त. म्हणायची, सिस्टर, मी रोज शेकडो वेळा कापडाला टोचते, कापड कधी ओरडत नाही, मी ओरडते, म्हणजे कापड माझ्यापेक्षा धीराचं.

त्या सकाळी पहिल्या पाळीला चार जण होते. यंत्रं लागली, पंप गुणगुणू लागले, कोणीतरी वर्तमानपत्र उघडलं. पाणीवाला मध्येच एकदा मागच्या खोलीत जाऊन आला, दाब पडला होता म्हणून. मग काही वेळानं शिंपीणबाई म्हणाली की पाठीत दुखतंय. मग म्हणाली, पोटात. मग काही म्हणालीच नाही, नुसती सिस्टरकडे बघू लागली, आणि सिस्टरची नजर तिच्या तोंडावरून नळीवर गेली. नळीतलं रक्त दाट, गडद लाल असतं, आरपार दिसत नाही. ते आरपार दिसत होतं. सरबतासारखं. पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं: चिमटे लावले, पंप बंद केले, हाका मारल्या, चारही जणांना सोडवलं. तिघे सावरले. शिंपीणबाईचं रक्त सगळ्यांत जास्त फुटलं होतं, तिला वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नेलं. नंतर पाणी तपासलं तेव्हा पट्टी बुडवल्या बुडवल्या गुलाबी झाली. रात्री कुठेतरी मोठी नळवाहिनी फुटली होती आणि पाणीखात्यानं दुरुस्तीनंतर पाण्यात औषधाचा हात सैल सोडला होता, हे दुपारी कळलं.

मोठ्या डॉक्टरांना ते उत्तर देऊन घरी ती दुपारीच पोचली. विभाग बंद, माणसं दुसऱ्या दवाखान्यात पाठवलेली. घरात वन्सं होत्या. तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, टेलिफोनच्या ऑफिसात आयुष्य काढलेली, लग्न न केलेली, आणि जगातल्या प्रत्येक संभाषणात मध्ये बोलायची सवय लागलेली. त्या काही विचारण्याआधीच ती मोरीपाशी गेली, नळ सोडला, वाटीत पाणी घेतलं, वर्तमानपत्राच्या कडेचा कागद फाडून चिमटीत धरला आणि पाण्यात बुडवून प्रार्थना म्हणू लागली. आठवण म्हणजे काही डोक्यातच असते असं नाही. हातात असते, उभं राहण्यात असते. तसं उभं राहिलं तर सकाळ परत येईल असं तिला वाटलं. आणि पट्टी आली. पांढरी, स्वच्छ, ओली पट्टी. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग पट्टीमागे भांडं दिसलं, आणि ते जुनं भांडं होतं, कानाशी पोचा पडलेलं, जे गेल्या वर्षी टाकून दिलं होतं. म्हणजे ही पट्टी गेल्या वर्षाआधीची. तिनं ती बाजूला सारली. दुसरी आली, तिच्या मागे खिडकीत धुकं होतं. आज धुकं नव्हतं. तिसरी आली, तेव्हा शेजारी एक जुनी सहकारी उभी होती, जी आता परगावी असते. पट्ट्या येतच राहिल्या, एकावर एक, सगळ्या पांढऱ्या, आणि त्यांतली एकही आजची म्हणून हात वर करेना. मागून वन्सं म्हणाल्या, “वहिनी, आता भांडी घासायलाही देवाची परवानगी लागते का?” वन्संनी वाटीतला तो भिजका कागद बघितला, तिचं तोंड बघितलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच लाइन मध्येच सोडून दिली.

रात्री ती झोपली. हे सांगायला हवं, कारण झोप लागली नाही असं म्हणायची पद्धत आहे. तिनं पाय आपटून बघितला, जमीन होती, आणि ती झोपली. पहाटे मात्र जाग आली ती एका विचारानं, आणि तो विचार मुळीच पवित्र नव्हता: चाचणी केली नसली तर ते माहीत असणारं जगात दुसरं कोणी नाही. मोरीत ती एकटी असते. वहीतली रोजच्या खुणेची जागा तिनं रोजच्यासारखी भरलेली होती. ती तर यंत्रं सुरू करताना भरायची, हात आपोआप जायचा. म्हणजे विचारणारं कोणी नाही, बघितलेलं कोणी नाही. देव सोडून, असं तिच्या मनात आलं, आणि ते इतकं मागाहून आलं, पाहुण्यांत कोणीतरी उरलेला आठवावा तसं, की ती अंथरुणात उठून बसली.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. चौकशी म्हणजे मोठे डॉक्टर, कार्यालयातला एक गृहस्थ आणि बाहेरून आलेला एक शांत माणूस, ज्याच्या हातात सारखी टोपण लावलेली पेन्सिल होती. त्यांचा विचार अगदी सरळ होता आणि त्यात कुणाचंही वाकडं नव्हतं. सकाळी सिस्टरनं चाचणी केली. पट्टी पांढरी होती. नंतर पाणी बिघडलं. म्हणजे बिघाड मधल्या वेळात झाला. मधल्या वेळात मागच्या खोलीत कोण गेलं? पाणीवाला गेला. तिथे एक चाक आहे, ते फिरवलं तर पाणी कोळशाच्या टाकीत न जाता बाजूनं परभारे पुढे जातं. टाकी धुताना ते फिरवतात. दाब वाढवायच्या घाईत ते चाक फिरलं असणार. कोळसाच संपला होता का, हे बघण्यासारखं होतं, पण तो कोळसा अपघाताच्या संध्याकाळीच गोण्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत गेला होता. विभाग लवकर सुरू व्हावा म्हणून सगळ्यांनी तत्परता दाखवली होती. तेव्हा आता सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता: सिस्टर म्हणते ते खरं. आणि त्याबद्दल त्या तिघांनाच काय, कुणालाच शंका नव्हती.

पाणीवाला तिला मागच्या पायऱ्यांवर भेटला. बसला होता. हातात पाना नव्हता, आणि पान्याशिवाय त्याचे हात उगाच मोठे दिसत होते. ती त्याच्या शेजारी टेकली. तो सांगू लागला की त्या चाकाला हात लावला नाही असं काल तो छातीठोकपणे म्हणत होता. दाबाचा काटा बघितला, पंपाच्या अंगावर हात ठेवला, परत आला. पण त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. रात्री घरी त्यानं डोळे मिटून ती खोली बघितली, तर चाक दिसलं, चाकावर स्वतःचा हात दिसला. तो हात कुठल्या दिवसाचा ते कळेना. आपल्या मोरीतल्या पट्ट्या आणि त्याच्या खोलीतलं चाक एकाच कापडाची होती. तिनं म्हटलं की नसेल लावला हात, कोळसाच संपला असेल, तो बदलायला हवा असं तुम्ही तर कधीपासून सांगत होतात. तेव्हा तो तिच्याकडे वळला. चेष्टेचा मागमूस नव्हता.

“कोळसा संपला असता तर तुमच्या पट्टीत सकाळीच दिसलं असतं, ताई,” तो म्हणाला. “तुम्ही केली म्हणजे केलीच असणार. दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. तुम्ही काही खोटं बोलणाऱ्यातल्या नाही. मग राहिलो मीच ना?”

तिनं तोंड उघडलं. त्या वेळी ती खरंच ‘मला आठवत नाही’ एवढंच म्हणू शकली असती, कारण खरंच आठवत नव्हतं. पण आठवत नाही ही एवढीशी गोष्ट त्या पायऱ्यांवर ठेवायला तिला लाज वाटली; एका माणसाची भाकरी चाललेली असताना त्याला आपली शंका काय द्यायची, त्यापेक्षा नीट आठवू, मग सांगू, असं तिनं ठरवलं. कुठलीही गोष्ट नीट करायची सवय माणसाला अशी नडते. ती म्हणाली, “मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन.” तो ‘बरं’ म्हणाला. न मानणाऱ्या माणसानं ‘बरं’ म्हणावं, इतका तो खाली आला होता.

त्याच संध्याकाळी शिंपीणबाई गेली.

पुढच्या सकाळी तिचा नवरा विभागात आला. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत तो ओळखीची खुर्ची शोधत उभा होता. बायकोची उशी राहिली होती, दंडाखाली घ्यायला तिनंच शिवलेली, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या कापडांचे उरलेले तुकडे जोडून. सिस्टरनं ती कपाटातून काढून दिली. तो गृहस्थ कुठल्याशा गोदामात हमालांवर मुकादम होता. आवाज मोठा, आणि तो मोठा आवाज आज त्याला कुठे ठेवावा कळत नव्हतं. त्यानं उशी काखेत धरली आणि म्हणाला की त्याला फक्त आभार मानायचे आहेत. ती म्हणाली, आभार कसले. तो म्हणाला, नाही, मानायचेच आहेत. मग त्यानं सांगितलं की त्या दिवशी बाई घरून लवकर निघाली होती. आदल्या रात्री तिला कसंतरी स्वप्न पडलं होतं, घरात बसवेना. इथे पोचल्यावर तिनं फोन केला होता.

“म्हणाली, मी इतकी घाबरले होते, पण सिस्टर आत जाता जाता माझ्यापाशी थांबल्या. बाकावर शेजारी बसल्या, माझे दोन्ही हात त्यांच्या दोन्ही हातांत घेतले आणि त्यांची ती प्रार्थना पूर्ण म्हटली, म्हणाली. आता मला काही होत नाही, म्हणाली.” त्यानं उशी दुसऱ्या काखेत घेतली. “शेवटचं बोलणं ते. पुष्कळांचं शेवटचं बोलणं भांडणाचं असतं हो. आमचं हे झालं. तुमच्यामुळे.”

तो बोलत होता आणि तिचे तळहात गरम होत होते. तेच. तेच होतं ते. छातीत हलकं झालेलं आठवत होतं ते बाकावरचं होतं. शिंपीणबाईच्या बोटांच्या टोकांना सुईनं टोचून टोचून झालेला खरखरीतपणा तिच्या तळव्यांवर पुन्हा उमटला, मधल्या बोटावरचा अंगुस्तानाच्या टोपीचा घट्टासुद्धा. प्रार्थना शेवटच्या ओळीपर्यंत म्हटली होती. दोन्ही हात बाईच्या हातांत होते. मोरीत एका हातात भांडं लागतं आणि एका हातात पट्टी. त्या सकाळी तिच्याकडे तिसरा हात नव्हता. प्रार्थना संपली, वेळ संपला, छाती हलकी झाली, आणि ती बाकावरून उठली ती सरळ यंत्रांकडे गेली, सकाळचं काम झालेल्या माणसाच्या पावलांनी. तिनं एक काम टाळलं नव्हतं, विसरलंही नव्हतं. तिच्या शरीराच्या लेखी ते झालेलं होतं. तिनं बाईला धीर दिला होता, तो तिच्याच पाण्याच्या चाचणीतून काढून.

मुकादम गेला. ती त्याच खुर्चीच्या हातावर बसली आणि तिनं आयुष्यात मागितलं नव्हतं इतक्या कळकळीनं मागितलं. माफी नाही मागितली. चमत्कार नाही. बळ मागितलं. वर जाऊन एक वाक्य बोलायला लागेल एवढं बळ. चार ओळी, मग आणखी चार, मग पहिल्यापासून पुन्हा. आणि बळ आलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. ते येताना तिला कळलं, गुडघ्यांतून वर, पाठीच्या कण्यात, जसं ते नेहमी येई. ती उठली आणि जिना चढू लागली.

घरंगळायला पायऱ्या खालीच उतरायला हव्यात असं नाही, चढतानाही घरंगळता येतं. खुर्चीवरून उठली तेव्हा वाक्य होतं, ‘मी चाचणी केली नाही.’ पहिल्या वळणावर ते ‘बहुतेक केली नाही’ झालं, कारण तळहातांचा पुरावा हा काही पुरावा नव्हे आणि नसलेली खात्री सांगणं हेही खोटंच. दुसऱ्या वळणावर तिला वन्संचं म्हातारपण दिसलं, दोन खोल्यांची जागा दिसली, आणि त्याबद्दल स्वतःचा राग आला, आणि रागात एक मजला पार झाला. मोठ्या डॉक्टरांच्या दारात ती पोचली तेव्हा तोंडात जे उरलं होतं ते असं होतं: “डॉक्टर, त्या दिवशीची चाचणी मला आठवत नाही.”

डॉक्टरांनी या वेळी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती, आणि काळजीत घाई होती. “सिस्टर, मी आज सकाळी दात घासले का ते मला आठवत नाही,” ते म्हणाले. “पण घासले असणारच ना? जे रोज करतो ते आठवत नाही, म्हणूनच ते केलेलं असतं.” मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं, सांगितलं की बाई तिच्या हातात होती म्हणून तिला हे लागतंय, की चांगली माणसं अशीच जगाचं स्वतःवर घेतात, की देवावर इतका विश्वास असलेल्या बाईनं स्वतःवरही थोडा ठेवावा. आणि हेही की चौकशी आज संपतेय, उगाच आता काही ढवळू नये, पाणीवाल्यानं स्वतःच म्हटलंय की त्याचा हात लागला असेल. “म्हटलंय?” तिनं विचारलं. म्हटलंय, सहीनिशी, ते म्हणाले.

एक वाक्य उरलं होतं. माझे दोन्ही हात तिच्या हातांत होते. एवढंच. डॉक्टरांच्या दात घासण्याला या वाक्यापुढे उत्तर नव्हतं. ते जिभेच्या टोकाशी होतं, त्याचा आकार तिला दातांना लागत होता. तिनं पुन्हा आत मागितलं, आणि बळ पुन्हा आलं, ओंजळीच्या बाहेर सांडेल इतकं. आणि ते गप्प राहायला पुरलं. पाणी पिऊन ती उठली, पाय जराही लटपटले नाहीत, दार तिनं हळू ओढून घेतलं. मागून डॉक्टर कुणाला तरी फोनवर म्हणाले की अशा चार सिस्टर असत्या तर दवाखाना कुठल्या कुठे गेला असता.

हे आता झालेलं आहे, तेव्हा कोणी काय भरलं ते मांडून टाकावं. शिंपीणबाईनं जीव भरला, आणि तिला शेवटपर्यंत वाटलं की तिला काहीतरी मिळालं. तिच्या मुकादम नवऱ्यानं आभार भरले, तेही अगोदर, पावती न मागता. मोठ्या डॉक्टरांनी एक पेला पाणी दिलं. थोरल्या सिस्टर वेळेवर निवृत्त झाल्या आणि त्यांची खिडकी आता हिच्या पाठीशी असते. सकाळची चाचणी दुसरीच कोणी मुलगी करते, घड्याळ बघून. सिस्टर प्रार्थना अजून म्हणते. खाली काही आहे की नाही हे ती आता पाय आपटून बघत नाही; म्हणते आणि कामाला लागते. पाणीवाल्याची नोकरी गेली. पुढे त्याला एका इमारतीवर पहारेकऱ्याचं काम मिळालं, जिथे कशाला हात लावावा लागत नाही. त्याची बायको एकदा भाजीबाजारात भेटली. तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती, की घरातला नळ बंद करून माणूस अंथरुणावर येतो आणि पुन्हा उठून जातो. बंद असतो. हात लावून बघतो, परत येतो, पुन्हा जातो. हसून म्हणाली की आता मीच त्याच्या मागून जाते आणि सांगते, बंद आहे, मी बघितलाय, तेव्हा झोपतो. सिस्टरनं तिच्या पिशवीकडे बघत विचारलं की मुलं कशी आहेत. मुलं बरी होती. सिस्टरनं काय भरलं म्हणाल, तर तिच्याकडे मागायला कोणी आलं नाही, आणि आपण होऊन द्यायला ती गेली नाही.